आधी शिकवू तर द्या!

एलएमएसवर, म्हणजे कॉलेजच्या ऑनलाइन शिकवण्याच्या यंत्रणेवर, किती टक्के मजकूर अपलोड झाला? आम्हा प्राध्यापकांना आता एवढा एकच प्रश्न विचारला जातो. मुलांना काय समजलं, कोण मागे पडलंय, कोण मध्येच वर्ग सोडून एमआयडीसीत कामाला लागलंय, याची चौकशी कोणी करत नाही. अपलोड झालं का, स्क्रीनशॉट काढला का, लिंक शीटमध्ये टाकली का, बस्स. मला याचा भयंकर संताप येतो आणि तो गिळून गिळून आता घसा सुजायची वेळ आलीय.

मी सोलापुरातल्या एका कला महाविद्यालयात इतिहास शिकवतो. तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे, तेही कधी येतील तेव्हा. व्हिडिओ बनवायचा, पीपीटी बनवायची, प्रश्नपेढी चढवायची, पोरांचे पासवर्ड रिसेट करून घ्यायचे, या कामांची तासिका कुठेच धरली जात नाही. रात्री जेवण झाल्यावर घरच्या लॅपटॉपवर, घरच्या इंटरनेटवर ते सगळं करायचं आणि सकाळी पुन्हा ऐकून घ्यायचं, "सर, तुमचा विषय लाल दिसतोय." लाल म्हणजे अपूर्ण. अख्खं वर्ष मी वर्गात उभा राहून शिकवलेलं त्या डॅशबोर्डवर कुठेच दिसत नाही.

महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या नॅक या संस्थेच्या निकषांत शिक्षक आयसीटी, म्हणजे संगणक-इंटरनेटची साधनं वापरतात का, हे पाहिलं जातं. पाहावंच, त्यात गैर काही नाही. पण आमच्याकडे त्याचा अर्थ असा लावलाय की साधन वापरल्याचा फोटो हवा. फोटोवर तारीख हवी, अक्षांश-रेखांश हवेत. कॉलेजात एकच स्मार्ट बोर्ड, तो सभागृहात, सभागृहाला कुलूप, किल्ली ऑफिसात. फोटोच्या दिवशी ते उघडतं. पोरांना ओळीने बसवतात, पडद्यावर नकाशा लावतात, चार फोटो काढतात आणि पुन्हा कुलूप. एक पोरगा म्हणाला, "सर, नकाशा बघू द्या की ओ जरा." त्याला बघायचा होता नकाशा! हैदराबाद संस्थानाची हद्द सोलापूरच्या किती जवळ होती हे त्याला पहिल्यांदाच दिसत होतं. पण पुढची तुकडी फोटोसाठी दारात उभी होती. माझ्या नोकरीत याहून लाजिरवाणा क्षण मला आठवत नाही.

आता त्या ऑनलाइन टेस्टचं सांगतो, कारण खरं डोकं तिथे फिरलं.

अंतर्गत गुणांसाठी एलएमएसवरच टेस्ट घ्यायची असा फतवा निघाला. मी प्रश्न काढले सोलापूरच्या १९३० च्या लढ्यावर. आपल्या शहरात त्या मे महिन्यात लोकांनी काय केलं, इंग्रजांनी मार्शल लॉ म्हणजे लष्करी अंमल का पुकारला, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी कशी दिली, हे पोरं मन लावून ऐकतात. चार पुतळ्यांजवळून ती रोज जातात. या विषयावर वर्ग जिवंत होतो, मागच्या बाकावरचाही हात वर करतो. मला वाटलं, टेस्ट छान होईल.

निकाल बघितला आणि हादरलो. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी जवळजवळ नापास. तिची उत्तरं उघडली. मार्शल लॉ कोणत्या वर्षी? तिने मराठी आकड्यांत १९३० लिहिलं होतं. चूक, शून्य गुण. कारण उत्तराच्या रकान्यात इंग्रजी आकडे भरलेले होते आणि त्या यंत्रणेला मराठी आकडा म्हणजे आकडाच वाटत नाही. पुढचा प्रश्न, चार हुतात्म्यांपैकी एकाचं नाव लिहा. तिने लिहिलं, कुरबान हुसेन. यंत्रणेत होतं, कुर्बान हुसेन. पुन्हा शून्य. दुसऱ्या एकाने धनशेट्टी बरोबर लिहून शेवटी पूर्णविराम दिला, त्यालाही शून्य. पोरगी माझ्यासमोर मोबाइल धरून उभी, "सर, बरोबरच लिहिलंय की ओ मी." काय सांगू तिला? बरोबरच लिहिलं होतं तिने!

एका प्रश्नाला चार प्रकारची उत्तरं मान्य करायची सोय अशा प्रणालींमध्ये असते. मूडलसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीतही आहे. आमच्या विकत घेतलेल्या यंत्रणेत ती सोय फक्त अॅडमिनला आणि अॅडमिन म्हणजे कंपनीचा माणूस, तो फोनवर. तो म्हणतो तिकीट, म्हणजे ऑनलाइन तक्रार टाका. तिकीट टाकलं. उत्तर आलं की परीक्षा संपल्यावर उत्तरसूची बदलता येत नाही. अरे, मग हाताने गुण देऊ द्या! तर म्हणे हाताने दिलेले गुण रिपोर्टमध्ये धरले जात नाहीत. म्हणजे पोराला काय येतं हे मला समोर दिसतंय, पण ते मान्य करायचा अधिकार मला नाही. मग मी तिथे कशाला आहे?

आमच्या जुन्या नोट्सचीही तीच गत. वर्षानुवर्षं मराठीत टाइप केलेलं, पण जुन्या फॉन्टात, युनिकोडमध्ये नाही. अपलोड केलं की नुसती चिन्हं उमटतात. सगळं पुन्हा टाइप करायचं, आणि तेही आम्हीच.

आणि हे सगळं वापरणारी पोरं कोण आहेत, हे कधी कोणी बघितलंय का? माझ्या वर्गात अक्कलकोटकडून एसटीने येणारी मुलं आहेत, घरी कन्नड बोलणारी. शहराच्या पूर्व भागातली मुलं आहेत, घरी तेलुगू. उर्दू शाळेतून आलेल्या मुली आहेत. कुंभारीच्या विडी घरकुलातून येणाऱ्या मुली आहेत, ज्यांची आई दिवसभर विड्या वळते आणि घरात स्मार्टफोन एकच, तो भावाकडे किंवा वडिलांकडे. एक मुलगा अक्कलकोट रोडला यंत्रमागावर दुसऱ्या पाळीला जातो. त्याला तासाभराचा व्हिडिओ पाठवायचा? मागाच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचं ओरडणं ऐकू येत नाही, तो व्याख्यान काय ऐकणार! तासाभराच्या व्हिडिओला सहज अर्धा जीबी डेटा जातो. दिवसाच्या पॅकातला तेवढा डेटा खर्च केला, तर घरातल्या बाकीच्यांनी काय करायचं? आणि वर आमच्याकडे नोंद होते, "विद्यार्थ्याने व्हिडिओ १२ टक्केच पाहिला." त्याच्या नावापुढेही लाल.

स्वयंम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची तर वेगळीच सक्ती. २०१७ पासून ते व्यासपीठ आहे, फुकट आहे, त्यावर देशातले मोठमोठे प्राध्यापक शिकवतात. ज्याला इंग्रजी येतं आणि ज्याची ओढ आहे त्याच्यासाठी ते सोनं आहे, हे मी मनापासून सांगतो. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२१ मध्ये एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंतचे विषय स्वयंमवरून घ्यायला परवानगी दिली. परवानगी! पण आमच्या कॉलेजात लगेच आदेश, प्रत्येक वर्गातून इतक्या नोंदण्या झाल्याच पाहिजेत. बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजीत. पोरं नाव नोंदवतात, आम्ही स्क्रीनशॉट घेतो, पोरं पुन्हा ते उघडत नाहीत. शिकणं फुकट असलं तरी प्रमाणपत्राच्या परीक्षेला पैसे लागतात, ते भरायची वेळ आली की मुली मान खाली घालून गप्प बसतात. त्यांना हो म्हणायला लावणाऱ्यांना जरा तरी वाटायला पाहिजे.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात आहे असा शिक्का मारून कोणी मोकळं होऊ नका. १८८४ सालचं सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटिअर आज स्कॅन होऊन इंटरनेटवर फुकट आहे. बार्शीच्या पोराने स्वतःच्या मोबाइलवर ते उघडावं, आपल्या तालुक्याचं पान काढावं, तिथल्या बाजाराबद्दल इंग्रज अधिकाऱ्याने काय लिहिलंय ते आजोबांना वाचून दाखवावं, यापेक्षा इतिहासाचा चांगला तास कोणता? मी तो करतो. लॉकडाऊनमध्ये मी आठ-दहा मिनिटांचे आवाज रेकॉर्ड करून व्हॉट्सअॅपवर टाकायचो, साध्या मराठीत, अधूनमधून पोरांना प्रश्न विचारत. डेटा नगण्य. विड्या वळताना बाजूला फोन ठेवून मुली ते ऐकायच्या आणि त्यांच्या आयाही ऐकायच्या. एका आईने मुलीकरवी विचारलं होतं, मार्शल लॉ होता तेव्हा गिरण्या चालू होत्या का? असा प्रश्न मला एलएमएसच्या चर्चाकक्षात एकदाही आलेला नाही. पण ती व्हॉइस नोट पुरावा म्हणून चालत नाही, कारण तिला लिंक नाही.

आपलं सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये झालं ते एका जिल्ह्यापुरतं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठापासून वेगळे झालो, कारण इथल्या पोरांच्या गरजा इथे बसून बघायच्या होत्या. मग बघा ना! करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत इतिहास शिकवणारे आम्ही सगळे एकमेकांना नावाने ओळखतो. प्रत्येकाने दोन-दोन विषय वाटून घेतले, चांगल्या मराठीत बोलून रेकॉर्ड केले, कन्नड आणि तेलुगू येणाऱ्यांनी त्या भाषांत केले, तर एका उन्हाळ्यात अख्ख्या जिल्ह्याच्या पोरांसाठी भांडार उभं राहील. त्याला लाखांचं कंत्राट लागत नाही. कामाचा मोबदला द्या, म्हणजे तासिकेवरचा माणूसही आनंदाने करेल. हे मी बैठकीत बोललो. इतिवृत्तात ओळ आली, "एलएमएसच्या प्रभावी वापराबाबत चर्चा झाली."

तर पुढची यंत्रणा विकत घेण्याआधी खरेदी समितीत एक तरी रोज शिकवणारा माणूस बसवा. विकायला आलेल्या माणसाच्या हातात स्वस्तातला, पडद्याला तडा गेलेला मोबाइल द्या, त्याला अक्कलकोटच्या एसटीत बसवा आणि मराठी कीबोर्डवर एक टेस्ट सोडवून दाखवायला सांगा. नाही जमलं तर एक पैसा देऊ नका. आणि आत्ताची जी आहे त्यात हाताने गुण द्यायचा अधिकार आम्हाला द्या, आजच द्या. अंतर्गत गुण विद्यापीठाकडे जायला थोडेच दिवस उरलेत, आणि मराठी आकड्यांत १९३० लिहिणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीच्या नावापुढे अजूनही शून्य आहे.