'ब्लू नोट'च्या जन्मकथेतून गाळलेली माणसे

न्यूयॉर्कच्या 'ब्लू नोट' या जॅझ लेबलविषयी एक मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे: नाझी राजवटीतून निसटलेल्या बर्लिनच्या दोन मित्रांनी 1939 मध्ये आधुनिक जॅझसाठी ही कंपनी काढली, तिचे सारे ध्वनिमुद्रण एका घराच्या दिवाणखान्यात झाले आणि खप नसल्याने अखेर ती विकावी लागली. कथा सुरेख आहे, पण तिच्यात ज्यांना जागाच मिळाली नाही त्यांच्यावर ती अन्याय करते.

मित्र दोन होते हे खरे; मात्र स्थापनेच्या वेळी त्यांपैकी एकटे आल्फ्रेड लायन न्यूयॉर्कमध्ये होते. डिसेंबर 1938 मध्ये कार्नेगी हॉलच्या मैफलीत त्यांनी अल्बर्ट अमन्स आणि मीड लक्स लुईस यांचा पियानो ऐकला आणि दोनच आठवड्यांनी, 6 जानेवारी 1939 रोजी, भाड्याच्या स्टुडिओत दोघांना आळीपाळीने पियानोवर बसवून 19 रचना मुद्रित करून घेतल्या. या उद्योगात पैसा घातला तो लेखक मॅक्स मार्गुलिस यांनी, आणि नेमके त्यांचेच नाव या मजकुरात नाही. दुसरे मित्र फ्रान्सिस वोल्फ त्या वर्षाच्या उत्तरार्धात आले. कंपनीला पहिले यश देणारे सिडनी बेशे यांचे 'समरटाइम' त्याआधीच, जूनमध्ये, मुद्रित झाले होते. वोल्फ यांनी पुढे टिपलेल्या छायाचित्रांचे मोल याने तिळमात्र कमी होत नाही.

आधुनिक जॅझचे म्हणाल, तर पहिल्या तबकड्या बूगी-वूगी (ठेकेदार पियानोची जुनी शैली) आणि ब्लूजच्या होत्या, आणि वादकांना तीन मिनिटांत उरकावे लागू नये म्हणून लायन यांनी त्या बारा इंची काढल्या. बीबॉपकडे, म्हणजे आधुनिक जॅझच्या पहिल्या शैलीकडे, कंपनी वळली ती सॅक्सोफोनवादक आइक क्वेबेक यांच्या आग्रहामुळे. त्या शैलीतील पियानोवादक थेलोनियस मंक यांचे ब्लू नोटसाठीचे पहिले मुद्रण 1947 चे, म्हणजे स्थापनेनंतर आठ वर्षांनी झालेले आहे.

दिवाणखाना खराच होता. दिवसा चष्म्यांचे नंबर काढणारे ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर न्यू जर्सीतील हॅकेनसॅक येथे आईवडिलांच्या घरी मुद्रण करीत. परंतु ब्लू नोटचे काम त्यांच्याकडे 1953 मध्ये आले आणि 1959 मध्ये ते इंगलवूड क्लिफ्सच्या नव्या स्टुडिओत गेले. मंक यांचे ते मुद्रण न्यूयॉर्कच्या डब्ल्यूओआर स्टुडिओत झाले होते.

खप नसल्याचा दावा तर सर्वांत लंगडा. ट्रम्पेटवादक ली मॉर्गन यांची 'द साइडवाइंडर' ही तबकडी 1964 मध्ये जोरात चालली. अडचण उलटी होती: मागणी पुरवायची तर तबकड्या छापण्याचा खर्च आधी करावा लागे, आणि वितरकांकडून पैसे मात्र उशिरा येत. 1965 मध्ये कंपनी लिबर्टी या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीला विकली गेली आणि 1967 मध्ये लायन निवृत्त झाले. वोल्फ मात्र 1971 मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच काम करीत राहिले.