हर्क्युलिस काही ‘हरिकुलेश’ नव्हे

तालमीच्या ग्रुपवर आठवडाभर फिरणारा मेसेज काल भाच्याच्या प्रकल्पवहीत डकवलेला दिसला. ग्रीक कथांतला वीर हर्क्युलिस म्हणजे ‘हरिकुलेश’, आपला श्रीकृष्ण. ट्रॉयच्या युद्धातला ग्रीक वीर अकिलीसही त्याच्यावरूनच चोरला. मेसोपोटेमियाचा प्राचीन राजा सार्गॉन म्हणजे कर्ण. आणि पुरावा काय, तर आपल्या कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममधली ग्रीक देवाची मूर्ती!

‘हरिकुलेश’खाली पोरानं लाल रेघ मारलीय, म्हणून आधी तेच. अहो, हर्क्युलिस हे रोमन लोकांनी केलेलं रूप. मूळ ग्रीक नाव हेराक्लीस. हेरा ही देवी आणि क्लेओस म्हणजे कीर्ती. यात हरी कुठला आणि कुल कुठलं? त्या क्लेओसचं संस्कृतातलं खरं भावंड आहे ‘श्रवस्’. इलियड रचणारा ग्रीक महाकवी होमर ‘क्लेओस आफ्थिटोन’ म्हणतो आणि ऋग्वेद (१.९.७) ‘श्रवस्’ला ‘अक्षित’ म्हणतो. दोन्हीकडे न सरणारी कीर्तीच. आडाल्बर्ट कून या जर्मन भाषाशास्त्रज्ञानं १८५३ मध्येच हा मेळ दाखवलाय. दोन्ही भाषा एकाच जुन्या घराण्यातल्या, म्हणून हे साम्य. चुलतभावांची नाकं सारखी दिसली म्हणून एकानं दुसऱ्याचं चोरलं असं कुणी म्हणतं का?

बरं, एक मान्य. चंद्रगुप्त मौर्याकडे आलेला ग्रीक वकील मेगॅस्थेनिस, त्याच्या आधारे ग्रीक इतिहासकार अरायन लिहितो, की शौरसेनी लोक हेराक्लीसला भजतात आणि मेथोरा हे त्यांचं शहर. मेथोरा म्हणजे मथुरा, तेव्हा तो बहुधा कृष्णच. पण परमुलखात गेलेल्यानं आपल्या ओळखीचं नाव दिलं, एवढंच ते. आपण नाही का, कुठलीही देवी दिसली की ‘ही आपली अंबाबाईच’ म्हणत?

आणि अकिलीसची टाच, त्याच्या अंगावरची एकमेव कच्ची जागा? महाभारताच्या मौसलपर्वात जरा नावाच्या व्याधाचा बाण कृष्णाच्या पायाला लागतो, खरं आहे. पण इलियडमध्ये टाचेची गोष्टच नाही. हेक्टरच्या अंत्यविधीला काव्य संपतं तेव्हा अकिलीस जिवंत असतो. अंग अभेद्य व्हावं म्हणून त्याला पाताळातल्या स्टिक्स नदीत बुडवल्याची कथा आज सापडते ती रोमन कवी स्टेशियसकडे, इसवी सनाच्या पहिल्या शतकात. चोरी करायला निघालेला होमर नेमका टाचच विसरला होय?

सार्गॉनची डांबरानं लिंपलेली टोपली आणि कर्णाची मेणानं लिंपलेली पेटी यांचं साम्य मात्र चकित करतं. पण नको असलेलं मूल पाण्यात सोडण्याची गोष्ट कुठल्याही नदीकाठी सुचेल.

राहिली मूर्ती. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली ती मूर्ती पोसायडनची, समुद्रदेवाची. हर्क्युलिसची नव्हेच. सातवाहनकाळात रोमन व्यापारातून पंचगंगेकाठी पोचलेला माल तो. म्हणजे वस्तू आली तिकडून इकडे, आणि तिचा दाखला देऊन आमचा मेसेज सांगतोय की कथा इकडून तिकडे गेल्या! वहीतलं ते पान मी काढून ठेवलंय, लाल रेघेसकट. रविवारी पोराला टाऊन हॉलला नेतो.