कास-महाबळेश्वर कॅम्परव्हॅन : दोन ताऱ्यांच्या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्या कॅम्परव्हॅनबद्दलचा, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीबद्दलचा, तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. पहिल्यांदा राग आला, म्हणून लगेच काही लिहिलं नाही. तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा : एसी दोन तासांत बंद पडला, टॉयलेट आधीच भरलेलं होतं, महाबळेश्वरला रात्री छत गळलं, प्रतापगडाला जाऊ दिलं नाही, कासला फुलंच नव्हती, आणि सगळ्यात मोठी म्हणजे "खराब ब्रेकची गाडी देऊन आमच्या जिवाशी खेळ केला".

टॉयलेटचं आधी, कारण त्यात बोलायला तोंडच नाही. आधीच्या पार्टीची गाडी रात्री उशिरा आली आणि सकाळी आमच्या पोराने कॅसेट (टॉयलेटची मैला साठवणारी टाकी) रिकामी न करताच ती तुमच्या हाती दिली. चूक आमचीच. त्या दिवसाचं भाडं, ९,५०० रुपये, परत पाठवलंय.

एसीचा अर्धा दोष आमच्याकडे. गाडीत १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची बॅटरी आहे. एसी लावला की तो तिच्यातून शंभरएक अँपिअर ओढतो, म्हणजे दोन तासांत खेळ खलास. बाहेरून लाइट जोडली तरच एसी रात्रभर चालतो. आमच्या जाहिरातीत मात्र नुसतंच 'एसी कॅम्परव्हॅन' असं लिहिलं होतं. धोम धरणाच्या काठी ऑक्टोबरच्या उकाड्यात तुम्ही जाहिरातीवर विसंबलात, त्यात तुमचं काय चुकलं? जाहिरात बदलली आहे.

छत मात्र गळलेलं नाही. गाडी परत आल्यावर वर पाइप धरून अर्धा तास पाणी मारलं, आत थेंब नाही. तुम्ही चौघं, बाहेर गारठा, सगळ्या खिडक्या बंद, वरचा व्हेंटही (छतातली हवेची झडप) बंद, आणि झोपण्याआधी आतच चहा केलेला. चार माणसांच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात लिटरभर पाणी हवेत जातं. ते थंड पत्र्यावर जमतं आणि पहाटे नेमकं वरच्या बंकवर झोपलेल्याच्या कपाळावर टपकतं. व्हेंट दोन बोटं उघडा ठेवला की थांबतं. पांघरूण एक जास्त लागेल, एवढंच.

आता ब्रेक. रविवारी संध्याकाळी कासहून साताऱ्याकडे उतरताना यवतेश्वरच्या घाटातून तुमचा फोन आला : पेडल स्पंजासारखं आत जातंय, जळका वास येतोय. मी सांगितलं, कडेला घ्या, रिव्हर्स गिअरमध्ये बंद करा, चाकांपुढे दगड लावा, चाकांवर पाणी अजिबात मारू नका, तासभर थांबा. तुम्ही ऐकलंत आणि नीट खाली उतरलात. त्याच फोनवर मी विचारलं होतं, कोणत्या गिअरमध्ये उतरत होता? तुम्ही म्हणालात, चौथ्या.

सामानासकट ही गाडी चार टनांच्या आसपास जाते. चौथ्या गिअरमध्ये इंजिन तिला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. त्यात रविवारची गर्दी, दर वळणावर पाय पेडलवर. चाकं उघडली तेव्हा ब्रेकचे लायनर, म्हणजे घासून चाक थांबवणारे पट्टे, तापून काचेसारखे चकचकीत झाले होते. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलेल्या गाडीचे असे होत नाहीत. माझे वडील एसटीत चालक होते. ते म्हणायचे, ज्या गिअरात घाट चढलास त्याच गिअरात उतर. आदल्या दिवशी महाबळेश्वरहून उतरताना केळघर घाटही तुम्ही तसाच उतरला असाल, असा माझा अंदाज आहे.

त्यामुळे 'खराब ब्रेकची गाडी' हे मला मान्य नाही. ती गाडी तुमच्या आधी पसरणी आणि यवतेश्वरचे घाट किती वेळा चढली-उतरली याचा हिशोब नाही. पण हेही खरं की गाडी देताना आमच्या माणसाने वीस मिनिटं टीव्ही, गॅस आणि फ्लश समजावला आणि घाट उतरण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. सूचना होत्या डॅशबोर्डवरच्या कागदावर, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. शहरात कार चालवणारा माणूस हे आपोआप कसं ओळखणार? म्हणून लायनरसाठी अनामतीतून कापलेले ४,००० रुपयेही परत करतोय. आता चावी देण्याआधी गिऱ्हाइकाला शेजारी बसवून खंबाटकीचा घाट चढायचा आणि बोगद्यातून परत यायचं, असं ठरवलंय. एक तास जातो, जाऊ दे.

प्रतापगडाबद्दल मात्र माघार नाही. महाबळेश्वरहून तिकडे आंबेनळी घाटातून जावं लागतं. तुम्ही लिहिलंय, "आंबेनळीतून एसटी जाते, मग आम्ही का नाही?" एसटीचा चालक त्या वळणांवरून रोज जातो साहेब, तुम्ही या गाडीवर दुसऱ्या दिवशी होता. २०१८च्या जुलैमध्ये त्याच घाटात बस दरीत गेली, ते या भागात कोणी विसरलेलं नाही. करारात हा घाट वर्ज्य आहे, फोनवरही सांगितलं होतं. महाबळेश्वरहून जीप करून प्रतापगड आरामात होतो. यवतेश्वरला जे झालं ते आंबेनळीत झालं असतं तर, हे तुम्हीच बघा.

कासचं काय बोलू! तुम्ही आलात दिवाळीच्या सुट्टीत. तेरडा, सोनकी, सीतेची आसवं हा सगळा ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीचा मामला. बुकिंगच्या वेळी वहिनींना सांगितलं होतं, त्या म्हणाल्या मुलांच्या शाळा आहेत. तेही बरोबरच. पण आमच्या पेजवरचा गुलाबी पठाराचा फोटो सप्टेंबरचा आहे, हे त्याखाली लिहायला हवं होतं. आता लिहिलंय, आणि शेजारी ऑक्टोबरअखेरचा एक टाकलाय : सोनेरी गवत, धुकं नाही, खाली कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी स्वच्छ दिसतंय. मला स्वतःला तोच जास्त आवडतो, पण त्याला लाइक कमी पडतात.

दोन तारे राहू देत, बदला असं म्हणणार नाही. फक्त ब्रेकच्या वाक्याखाली गिअरची गोष्टही लिहिलीत तर पुढच्या माणसाच्या उपयोगी पडेल.

आणि हो, मागच्या सीटखाली मुलाची एक चप्पल सापडली आहे. डावी. पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, कुरिअर करतो.