खुलासा : खोपोलीचा नायट्रो रोलर कोस्टर ‘फ्लाइंग’ नाही

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय : ‘पुण्याजवळ खोपोलीत पालथं झोपून उडा, नुसतं हातांनी धरून!’ दोन्ही गोष्टी चूक. व्हिडिओतला ‘फ्लाइंग डायनासोर’ हा रोलर कोस्टर जपानमधल्या ओसाकाचा, २०१६ साली सुरू झालेला. त्यात आधी सरळ बसवतात. खांद्यांवरून छातीवर जाकिटासारखा पट्टा येतो, घोट्यांमागे झडपा मिटतात, मग आसनांची अख्खी रांग मागून वर उचलली जाते आणि तोंड थेट जमिनीकडे! माणूस रुळाखाली असतो.

खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कमधला नायट्रो फ्लोअरलेस आहे. रुळाच्या वर बसायचं, फक्त पायांखाली फळी नाही. थरारक आहेच तो, पण मुलांना ‘उडायला चला’ सांगून नेऊ नका, फार हिरमुसतात.