कॉफीचा घाणा आणि काकूंच्या कुरडया

लातुरात कॉफी मागणारा माणूस एकतर आजारी असतो, नाहीतर पुण्याहून आलेला. मी दोन्ही नाही. तरी चिकमंगळूरची कच्ची कॉफी मागवली आणि घरातला ओव्हन गच्चीवर नेला. बायकोने त्यात कधीकाळी नानकटाई केली होती. तेव्हापासून त्याच्यावर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर फुलदाणी होती, त्यामुळे हरकत फक्त फुलदाणीपुरतीच आली.

आईने त्या फिकट हिरव्या बिया मुठीत घेऊन हुंगल्या. "हे भिजवायचं का शिजवायचं?" मी तिला बाबा बुदन यांची कथा सांगितली, येमेनहून त्यांनी सातच बिया लपवून आणल्या म्हणे. "मग तूबी सातच आणायच्या," आई म्हणाली.

लोकांना वाटतं अडचण उष्णतेची असेल. बिलकूल नाही. ओव्हन 250 अंशांपर्यंत जातो आणि कॉफी 200च्या आसपास तडकायला लागते. अडचण फिरण्याची. ओव्हनसोबत कोंबडी भाजायची सळई येते, ती मिनिटाला तीन-चार फेरे घेते. कोंबडीला घाई नसते. कॉफीची बी मात्र एका जागी टेकली की एका अंगाने कोळसा, दुसऱ्या अंगाने कच्ची. तिला मिनिटाला चाळीस-पन्नास फेरे लागतात. म्हणून भंगारातून जीपच्या वायपरची मोटर आणली आणि 12 व्होल्टची असल्यामुळे घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला जोडली.

राहिला जाळीचा डबा. गंजगोलाईला सोळा रस्ते फुटतात आणि प्रत्येक रस्त्यावरच्या दुकानदाराने मला पुढच्या रस्त्यावर पाठवलं. शेवटी पत्र्याचे डबे ठोकणारे एक मामा भेटले. जस्ताचा मुलामा असलेली जाळी स्वस्त पडली असती, पण एवढ्या तापात तो मुलामा धड राहत नाही, म्हणून मी स्टीलवर अडून बसलो. "कशाला पाहिजे?" "कॉफी भाजायला." मामांनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं. "दार घट्ट बसवतो," ते हलक्या आवाजात म्हणाले, "उंदीर लई हुशार असतेत."

पहिला घाणा लाइटने खाल्ला. बिया पिवळ्या झाल्या, ओल्या कडब्याचा वास जाऊन भाजक्या पोळीचा वास आला, तडतड सुरू झाली आणि लाइट गेली. ओव्हन गार पडत चालला, पण मोटर बॅटरीवर! डबा आपला इमानेइतबारे फिरतोय. ऐन तापात आलेली कॉफी अशी रेंगाळली की रंग येतो, चव येत नाही.

दुसरा घाणा मात्र साधला. 250 ग्रॅमची भाजून 210च्या आसपास राहिली. पाणी उडून जातं आणि बीवरचा रुपेरी पापुद्रा सुटतो. आता झटपट गार करायला हवी, नाहीतर बी स्वतःच्याच उष्णतेत भाजत राहते. मे महिना, अंगाची लाही होत होती. मी कूलरचं पाणी बंद केलं, पंखा जोरात सोडला आणि समोर चाळणीत कॉफी पाखडायला घेतली.

गच्चीच्या दुसऱ्या टोकाला शेजारच्या काकूंचं वाळवण होतं.

"आरे, हा भुसा कशाचा उडवायलास?"

"कॉफीचा आहे काकू. तळल्यावर कळणारसुद्धा नाही."

"तुला नाही कळणार. जावयाला कळतंय."

मग मी रंगाचा ब्रश घेऊन कुरडया झाडत बसलो. कुरडईच्या वेटोळ्यात शिरलेलं फोलपट ब्रशने निघत नाही. चिमटीत धरून ओढलं तर फोलपट तिथंच राहतं आणि कुरडई हातात येते. मोडलेल्या कुरडया काकू एका ताटात वेगळ्या काढत होत्या. बोलत काही नव्हत्या, मोजत होत्या.

एवढ्यात आई वर आली. "झाली का रे?"

"झाली. पण आज पिता यायची नाही. आतला कार्बन डायऑक्साइड निघून जायला एक दिवस तरी मुरू द्यावी लागते."

आईने एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा काकूंच्या ताटाकडे.

"चला हो, चहा टाकलाय," ती काकूंना म्हणाली, आणि दोघी खाली गेल्या.