‘सिंथेटिक टाका आणि विसरा’ : ट्रॅक्टर आणि मोअरसाठी धोक्याचा सल्ला

‘सिंथेटिक हायड्रॉलिक ऑइल एकदा टाका आणि विसरून जा’ असा संदेश ट्रॅक्टर आणि गवत कापणीची यंत्रे (मोअर) वापरणाऱ्यांमध्ये सारखा फिरतो. त्यातले दावे साधारण असे: हे तेल कुठल्याही यंत्राला चालते, लिफ्टची ताकद वाढवते, जुन्या तेलात तसेच ओतता येते, वर्षानुवर्षे बदलावे लागत नाही, सील खराब करत नाही आणि सांडले तरी गवताला अपाय होत नाही. चांगले सिंथेटिक तेल खरोखर गुणी असते. पण या सल्ल्यावर विसंबून कुणाचे ब्रेक किंवा पंप जाऊ नयेत, म्हणून एकेक दावा तपासू.

‘कुठल्याही यंत्राला चालते’ हा दावा सर्वांत घातक आहे. बहुतेक ट्रॅक्टरांत गिअर, डिफरन्शियल, लिफ्ट आणि ऑइल इमर्स्ड ब्रेक (तेलात बुडालेल्या प्लेटांचे ब्रेक) हे सगळे एकाच तेलावर चालतात. गिअरच्या दातांमध्ये या तेलाने घर्षण कमी करायचे आणि ब्रेकच्या प्लेटांमध्ये मात्र पकड टिकवायची, तीही धक्का किंवा थरथर न होऊ देता. हा तोल खास ऍडिटिव्हमुळे, म्हणजे तेलात मिसळलेल्या रसायनांमुळे साधतो. अशा तेलाला यूटीटीओ (युनिव्हर्सल ट्रॅक्टर ट्रान्समिशन ऑइल) म्हणतात, आणि ट्रॅक्टर कंपन्या त्यासाठी स्वतःची मानके ठरवतात. जॉन डिअरचे जे२०सी हे त्यातले एक. कारखान्यातल्या प्रेससाठी बनवलेल्या ४६ ग्रेडच्या हायड्रॉलिक तेलात ब्रेकसाठीची ही ऍडिटिव्ह नसतात. मग ते उत्तम सिंथेटिक असले तरी ब्रेक दाबताना आवाज येतो, प्लेटा थरथरतात आणि लवकर झिजतात. पाण्याच्या बाबतीतही दोघांचे वागणे वेगळे. कारखान्यातले तेल सहसा पाणी वेगळे करून तळाशी सोडते, तर ट्रॅक्टरचे तेल आत शिरलेली थोडी ओल स्वतःत धरून ठेवेल असे बनवलेले असते.

मोअरची गोष्ट आणखी निराळी आहे. जागच्या जागी वळणाऱ्या झिरो-टर्न मोअरच्या अनेक हायड्रोस्टॅटिक ड्राइव्हसाठी (तेलाच्या दाबाने चाके फिरवणाऱ्या यंत्रणेसाठी) उत्पादक चक्क २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल सांगतात, काहींसाठी १५डब्ल्यू-५० सिंथेटिक इंजिन ऑइल. म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या दोन यंत्रांची तेले पूर्ण वेगळी असू शकतात. ‘सिंथेटिक’ या शब्दावरून बेस ऑइलचा, म्हणजे ऍडिटिव्ह मिसळण्याआधीच्या मूळ तेलाचा अंदाज येतो, तेल कोणत्या कामासाठी बनवले आहे ते कळत नाही. सगळ्या ट्रॅक्टरांना चालते असे मोघम लिहिलेल्या डब्यांचा इतिहासही बोलका आहे. अमेरिकेत जॉन डिअरचे जेडी-३०३ हे मानक १९७० च्या दशकातच कालबाह्य झाले. मूळ तेलात स्पर्म व्हेलच्या तेलाचा वापर होता आणि त्यावर बंदी आली. तरी ‘३०३’ हा आकडा लावून ट्रॅक्टर हायड्रॉलिक तेल पुढे कित्येक वर्षे विकले गेले. अखेर मिझुरीसह काही राज्यांनी विक्री थांबवली आणि ग्राहक न्यायालयात गेले. डब्यावर आपल्या मॅन्युअलमधले मानक शब्दशः लिहिलेले नसेल, तर तो डबा घेऊ नये असे माझे ठाम मत आहे.

लिफ्टच्या ताकदीचा दावा हिशोबातच बसत नाही. सिलिंडरचा जोर म्हणजे तेलाचा दाब गुणिले पिस्टनचे क्षेत्रफळ, आणि दाबाची कमाल मर्यादा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारी झडप) ठरवतो. तेल बदलून यातले काहीच बदलत नाही. मग नवे तेल टाकल्यावर लिफ्ट सुधारल्यासारखी का वाटते? जुने तेल तापून फार पातळ होत असेल, तर ते झिजलेल्या पंपाच्या फटींतून आतल्या आत परत जाते आणि दाब पुरेसा बनत नाही. नवे तेल ही गळती थोडी रोखते. पंपाची झीज मात्र तशीच राहते, आणि लिफ्ट उचलतेय म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते.

सिंथेटिकचा खरा फायदा इथेच कळतो. ४६ ग्रेड म्हणजे ४० अंश सेल्सिअसला तेलाची विस्कॉसिटी (दाटपणा) ४१.४ ते ५०.६ सेंटिस्टोक. त्या तापमानाला साधे आणि सिंथेटिक सारखेच. पण १०० अंशांना साधे तेल सुमारे ६.८ वर येते, तर पीएओ (पॉलिअल्फाओलेफिन) जातीचे सिंथेटिक ८ च्या आसपास टिकते. कडक थंडीत उलट साधे तेल इतके घट्ट होते की पंपाला ते ओढता येत नाही. सिंथेटिक वाहते राहते. साध्या तेलात पॉलिमर घालून असा परिणाम साधता येतो, मात्र गिअरच्या दातांत ते पॉलिमर हळूहळू तुटतात आणि तेल पातळ होत जाते. त्यामुळे उन्हात तासन्‌तास चालणाऱ्या मोअरला किंवा गोठवणाऱ्या थंडीत सुरू होणाऱ्या लोडरला सिंथेटिक घेण्यात अर्थ आहे, योग्य मानकाचे असेल तर. वर्षातून थोडेच तास चालणाऱ्या ट्रॅक्टरला तो खर्च सहसा फेडून मिळत नाही.

‘बदलावे लागत नाही’ या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. तापमान दर १० अंशांनी वाढले की तेल ऑक्सिडाइझ होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, आणि सिंथेटिक हा मारा जास्त काळ सोसते. पण ट्रॅक्टरचे तेल अनेकदा त्याआधीच खराब होते. ब्रेक प्लेटांची झीज, गिअरची धातूची कीस, ब्रीदरमधून (टाकीला हवा देणाऱ्या छिद्रातून) आलेली धूळ आणि पाणी यांपुढे बेस ऑइल हतबल असते. एकच ट्रॉली आळीपाळीने दोन ट्रॅक्टरांना जोडली, तर तिच्या सिलिंडरमधले तेल आणि त्यातली घाण कपलरमार्फत (होज जोडायच्या जोडणीतून) एकाकडून दुसऱ्याकडे जाते. ही गोष्ट फार कमी जण लक्षात घेतात. तेव्हा फिल्टर तासांच्या हिशोबाने बदला, कपलर पुसूनच जोडा. तेल दुधाळ दिसले तर पाणी कुठून शिरले ते शोधा. तेल बदलायची मुदत वाढवायचीच असेल तर नमुना तपासून घ्या, आणि वॉरंटी असेपर्यंत मॅन्युअलमधले तास पाळा.

मिसळण्याबद्दल: पीएओ आणि खनिज तेल एकमेकांत मिसळतात, पण मिश्रणात सिंथेटिकचे गुण त्या प्रमाणात कमी होतात. पीएजी (पॉलिअल्किलीन ग्लायकॉल) हेही सिंथेटिकच, पण ते खनिज तेलात नीट मिसळत नाही. म्हणून डब्यात नेमके काय आहे हे कळल्याशिवाय टॉप-अप करू नये. सीलचेही तसेच. पीएओमुळे रबर किंचित आकसते, एस्टर या दुसऱ्या जातीच्या सिंथेटिकमुळे फुगते, आणि चांगला उत्पादक दोन्हींचा मेळ घालतो. नेहमीच्या नायट्राइल रबराच्या सीलना अशा तेलाचा त्रास होत नाही. आधीच कडक झालेले सील मात्र कुठल्याही तेलाने बरे होत नाही.

राहिला गवताचा दावा. सिंथेटिक म्हणजे मातीत विघटन होणारे, असे नाही. त्यासाठी एचईईएस प्रकारची एस्टरवर आधारित तेले वेगळी मिळतात. त्यांकडे वळताना यंत्रात उरलेले खनिज तेल २ टक्क्यांहून कमी असावे लागते, म्हणजे टाकी रिकामी करून भागत नाही. होज आणि सिलिंडरही धुवावे लागतात. शिवाय एस्टर पाण्याने फुटते, त्यामुळे ओलीबाबत जास्त दक्षता हवी. आणि होज फुटून गरम तेल हिरवळीवर पडले, तर ते कोणतेही असो, तिथले गवत जळू शकते. मोअर बाहेर काढण्याआधी होजवरून एक नजर फिरवा, आणि चिरलेली किंवा फुगलेली होज दिसली तर ती बदलल्याशिवाय यंत्र हिरवळीवर नेऊ नका.