पत्रांतले पेशंट विसरू नयेत

तुमच्या लेखात लंडनचे डॉक्टर आणि संग्राहक हान्स स्लोन यांच्या पत्रव्यवहाराकडे ब्रिटिश म्युझियमचा पाया म्हणून पाहिलंय. ते बरोबरच आहे. १७५३ साली स्लोन गेले आणि इच्छापत्रानुसार २०,००० पौंडांत त्यांनी जमवलेला सगळा संग्रह देशाला मिळाला. पण ही पत्रं एका डॉक्टरला आलेली आहेत, हे लेखात फार पुसट झालंय.

त्या काळी गावोगावचे लोक दुखणं पत्रातून कळवत आणि डॉक्टर न तपासताच सल्ला देत. जॉन रे यांचंच बघा. एसेक्समधल्या ब्लॅक नॉटली गावात राहणारे हे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ. पायांवरच्या जखमांनी वर्षानुवर्षं हैराण. स्लोनना लिहिताना ते वनस्पतींबद्दलही लिहीत आणि या जखमांबद्दलही. जानेवारी १७०५ मध्ये त्यांनी स्लोनना 'सर्वोत्तम मित्र' म्हणून शेवटचा निरोप लिहायला घेतला. ते पत्र अर्धवटच राहिलं. दहा दिवसांनी रे गेले. मला तर स्लोननी जमैकाहून आणलेल्या शेकडो वाळक्या रोपांपेक्षा हे अर्धं पत्र मोलाचं वाटतं.

आणखी एक. ब्रिटिश लायब्ररीत आहेत ती बहुतेक स्लोनना आलेली पत्रं. त्यांची स्वतःची उत्तरं त्या मानाने फारच थोडी. म्हणून त्यांच्या स्वभावाबद्दल लेखात काढलेले ठाम निष्कर्ष मला घाईचे वाटतात. शिवाय पत्नीकडून आलेलं जमैकातल्या मळ्यांचं, म्हणजे गुलामांच्या श्रमाचं उत्पन्न एका ओळीत उरकायला नको होतं. संग्रहाला लागलेला पैसा तिथूनही आला होता.

पुढच्या भागात पेशंटांची पत्रं जरूर घ्या.